पेशी आणि तिची भूमी : ऊतीचे काठिण्य हा रोगाचा परिणाम की कारण?

स्पर्श हा अष्टविध परीक्षेतील एक भाग. परंतु व्यवसायात मुरलेल्या हाताला त्याचे मोल किती आहे, हे निराळे सांगावयास नको. शोथ आम आहे, पच्यमान आहे की पक्व, याचा निर्णय सुश्रुताचार्यांच्या काळापासून बोटांनीच होत आला आहे. यकृताची कडा, व्रणाचा काठ, स्तनातील गाठ, आखडलेला स्नायू या सर्वांविषयी प्रथम बातमी देतात ती बोटेच. मृदु आणि कठिण, श्लक्ष्ण आणि खर या गुणजोड्या वैद्याच्या दृष्टीने केवळ ग्रंथातील नसून रोजच्या हाताळणीतील आहेत.

मात्र या काठिण्याचा अर्थ आपण बहुतेक वेळा एकाच बाजूने लावतो. रोग झाला, त्याने ऊती बिघडली, म्हणून ती कठिण झाली. म्हणजे काठिण्य ही रोग ओसरल्यावर उरलेली खूण, असे आपण समजतो. गेल्या चार-साडेचार दशकांतील पेशीविज्ञानाने या समजुतीला मोठी दुरुस्ती सुचविली आहे. भोवतालची ऊती मऊ आहे की टणक, हे पेशी स्वतः ताडून पाहते आणि त्यानुसार आपले वर्तन ठरविते. त्यामुळे काठिण्य हे रोगाचे फळ असते, तसेच पुढील रोगाचे बीजही असते. हा विचार नेमका काय आहे आणि आपल्याकडे नित्य दिसणाऱ्या एका व्याधीत तो कसा उपयोगी पडतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

पेशी ओढून पाहते

शरीरातील बहुतेक पेशी सुट्या तरंगत नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन आदी प्रथिनांच्या तंतूंचे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या बुळबुळीत द्रव्याचे एक जाळे असते. यास आपण पेशीबाह्य जालक म्हणू. पूर्वी हे जालक म्हणजे केवळ भराव, विटांमधील चुना, असे मानले जाई. आज त्याकडे पेशीशी अखंड देवाणघेवाण करणारी भूमी म्हणून पाहिले जाते.

पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले इंटिग्रिन नावाचे रेणू या भूमीला धरून ठेवतात. त्यांचे बाहेरचे टोक जालकातील तंतूंना चिकटते, तर आतील टोक इतर प्रथिनांच्या द्वारा पेशीतील ॲक्टिनच्या दोरांना जोडलेले असते. स्नायूंच्या आकुंचनात भाग घेणारे मायोसिन येथेही असते आणि ते या दोरांना सतत ओढ देते. अशा रीतीने पेशी आपल्या भूमीला अखंड खेचत असते.

या खेचण्यातूनच तिला भूमीची परीक्षा होते. चिखलात रोवलेल्या खुंट्याचे दावे ओढले तर खुंटा सरकतो आणि दाव्याला ताण येत नाही. मुरमाड जमिनीत ठोकलेल्या खुंट्याचे दावे मात्र तात्काळ ताठ होते. पेशीचेही तसेच आहे. भूमी मऊ असेल तर ताण साठत नाही आणि पकड ढिली राहते. भूमी टणक असेल तर ताण वाढतो, पकडीच्या जागी आणखी रेणू गोळा होतात आणि त्या ताणाचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो.

पेशीची ही ओढ १९८० मध्ये प्रथमच ठसठशीतपणे दिसून आली. अमेरिकेतील अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर पेशी वाढविल्या. पेशी जेथे जेथे बसल्या तेथे तेथे पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. एका पेशीचे बळ डोळ्यांनी पाहता येईल असा तो प्रयोग होता.

भूमी बदलली की वर्तन बदलते

पुढचा प्रश्न असा की, पेशी ओढते हे खरे. पण भूमीच्या टणकपणाने तिच्यात फरक पडतो काय? १९९७ मध्ये रॉबर्ट पेलहॅम आणि यू-ली वांग यांनी एकाच रासायनिक घडणीचे, परंतु कमी-अधिक टणक असे जेलचे थर बनवून त्यांवर पेशी ठेवल्या. पृष्ठावरील प्रथिन तेच, पोषक द्रव तोच. भेद केवळ काठिण्याचा. तेवढ्याने पेशींची पकड आणि हालचाल बदलली. सन २००० मध्ये वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखविले की, मऊ आणि टणक भागांच्या सीमेवर आलेली पेशी मऊ भागाकडून टणक भागाकडे सरकते.

यानंतरचा २००६ मधील प्रयोग अधिक गाजला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतून मिळविलेल्या मूळ पेशी निरनिराळ्या काठिण्याच्या जेलवर वाढविल्या. काठिण्य मोजण्याचे एकक किलोपास्कल. मेंदूच्या ऊतीइतक्या मऊ, म्हणजे सुमारे ०.१ ते १ किलोपास्कलच्या थरावर त्या पेशींनी चेतापेशींची लक्षणे धारण केली. मांसपेशीइतक्या, म्हणजे ८ ते १७ किलोपास्कलच्या थरावर मांसपेशींची लक्षणे प्रकटली; आणि अस्थी घडताना प्रथम बनणाऱ्या, अद्याप खनिज न साठलेल्या जालकाइतक्या, म्हणजे २५ ते ४० किलोपास्कलच्या थरावर त्या अस्थिपेशींच्या वाटेला लागल्या. पेशी त्याच, पोषण तेच. फरक केवळ भूमीचा.

हा संदेश केंद्रकात नेणारे दूतही आता ओळखले गेले आहेत. इटलीतील पादुआ येथील स्टेफानो पिक्कोलो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखविले की, यॅप आणि टॅझ ही दोन प्रथिने पेशी टणक भूमीवर ताणली गेली असता केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावतात; भूमी मऊ असता ती केंद्रकाबाहेर राहतात. दुसरीकडे, दाब पडताच उघडणारी पिएझो नावाची द्वारे २०१० मध्ये अर्देम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडली. स्पर्शज्ञानाच्या या शोधासाठी त्यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले.

काठिण्याचे दुष्टचक्र

चिकित्सकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. व्रण भरून येताना फायब्रोब्लास्ट पेशी जालक विणतात. त्यांतील काही पेशी स्नायूसारखे आकुंचनाचे बळ धारण करतात, हे १९७१ मध्ये जुलिओ गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी दाखविले. मायोफायब्रोब्लास्ट या नावाने त्या ओळखल्या जातात. व्रणाचे ओठ जवळ आणण्याचे काम त्यांचेच. व्रण भरल्यावर त्यांनी निवृत्त व्हावे, हा निसर्गक्रम होय.

परंतु भूमी एकदा पुरेशी टणक झाली की या पेशी निवृत्त होण्यास तयार होत नाहीत. टणक भूमीमुळे त्यांना ताण मिळतो, ताणामुळे त्या अधिक आकुंचित होतात आणि अधिक कोलॅजेन विणतात. त्यामुळे भूमी आणखी टणक होते. जालकात टीजीएफ-बीटा हे तंतुवर्धक द्रव्य सुप्त स्वरूपात साठविलेले असते. मायोफायब्रोब्लास्टच्या खेचण्याने ते मोकळे होऊन कार्यकारी होते, असे २००७ मध्ये सिद्ध झाले. मऊ जालकात तीच ओढ वाया जाते. टणक जालकात ती साठा उघडते. मूळ कारण दूर झाल्यावरही काही व्याधी पुढे का सरकत राहतात, याचे एक उत्तर या चक्रात आहे.

यकृताच्या एका प्रयोगाने हे अधिक स्पष्ट होते. कार्बन टेट्राक्लोराइड देऊन प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृतात तंतुता निर्माण केली असता, तंतूंचा साठा दिसू लागण्यापूर्वीच यकृत टणक झालेले आढळले. हेही निरीक्षण २००७ मधीलच. कोलॅजेनच्या धाग्यांना परस्परांत सांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराचा त्यात हात होता. याचा अर्थ, नवे तंतू विणले जाण्याआधी असलेलेच तंतू एकमेकांशी सांधले गेले आणि त्या टणकपणाने पुढील तंतुतेस वाट करून दिली. आज यकृताच्या रुग्णाच्या हाती फायब्रोस्कॅनचा अहवाल असतो आणि त्यात किलोपास्कलमध्ये दिलेला आकडा याच काठिण्याचा असतो. तो आकडा वाचण्याची सवय आपण सर्वांनी लावून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या शास्त्राशी सांगड : कोठवर?

असे संशोधन समोर आले की ‘हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मते हा मोह आवरणेच शास्त्राच्या हिताचे आहे. पेशी, इंटिग्रिन वा यॅप यांचे वर्णन संहितांत नाही आणि ते तेथे शोधण्याचे कारणही नाही. संहितांत आहे ते निराळ्या मोलाचे आहे. मृदु-कठिण हे द्रव्याचे आणि शरीरभावांचे स्वतंत्र गुण आहेत, त्यांची वृद्धी वा क्षय हा चिकित्सेचा विषय आहे, ही दृष्टी तेथे आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणाच्या साठ उपक्रमांत मृदुकर्म आणि दारुणकर्म या दोहोंना स्थान दिले. कठिण व्रणास मृदु करणे आणि अतिमृदु व्रणास दृढ करणे, हे दोन्ही वैद्याचे कर्तव्य ठरविताना व्रणाची भूमी चिकित्सेच्या कक्षेत येते हे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. व्याधी जेथे घर करतो त्या स्थानाचे वैगुण्य विचारात घेण्याची आपली परंपराही याच जातीची आहे.

अभ्यंगाविषयीही असाच संयम हवा. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा तरुणांना थकवा येईपर्यंत व्यायाम करविला आणि नंतर एका पायास दहा मिनिटे मर्दन केले. दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. मांडीच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले असता मर्दन केलेल्या बाजूस ताण ओळखणारे संदेशमार्ग जागे झालेले व शोथकारक संदेश उणावलेले आढळले. हातांचा दाब पेशींपर्यंत पोहोचतो, एवढे यावरून म्हणता येते. परंतु तो आपला अभ्यंग नव्हता, तेथे औषधी तेलाची परीक्षा नव्हती आणि व्याधिग्रस्त रुग्णही नव्हते. अकरा निरोगी तरुणांच्या आधारे आपल्या तेलाच्या बाटलीवर काही छापणे उचित नव्हे.

सुपारी आणि आखडलेले मुख

आता ज्या व्याधीत हा विचार प्रत्यक्ष उपयोगी पडतो तिच्याकडे वळू. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे मुखाच्या अंतस्त्वचेखाली तंतू साचून तोंड आखडत जाणारा व्याधी. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांत त्याचे वर्णन केले; पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी भारतातील रुग्णांविषयी लिहिले. काही वैद्य त्याची गणना सर्वसर मुखरोगांत करतात, काही निराळी संप्राप्ती मांडतात. नामकरणाचा हा वाद येथे बाजूस ठेवू; कारणाविषयी मात्र आज वाद उरलेला नाही. ते कारण सुपारी. तंबाखू नसलेली सुपारीही हा व्याधी उत्पन्न करते.

वर वर्णिलेले चक्र सुपारी अनेक बाजूंनी फिरविते. तिच्यातील ॲरेकोलिन आदी क्षाराभ द्रव्ये फायब्रोब्लास्टना कोलॅजेन विणण्यास उद्युक्त करतात. तिच्यातील कषाय रसाची टॅनिन द्रव्ये कोलॅजेनचे विघटन रोखतात. चामडे कमाविताना घडते तसाच हा प्रकार. सुपारीत तांब्याचे प्रमाणही मोठे असून लायसिल ऑक्सिडेजला तांब्याची गरज असते. या व्याधीत त्या विकराचे कार्य वाढलेले आढळते. थोडक्यात, तंतू अधिक विणले जातात, ते झिजत नाहीत आणि परस्परांत घट्ट सांधले जातात. भरीस भर म्हणून चघळताना अंतस्त्वचेला वारंवार सूक्ष्म जखमा होतात. परिणामी पेशींची भूमी टणक होते आणि पुढचे काम ती भूमीच करू लागते.

म्हणूनच या व्याधीचे एक क्लेशदायक वैशिष्ट्य दिसते. रुग्ण सुपारी सोडतो, दाह कमी होतो, पण बनलेले पट्टे सहसा विरघळत नाहीत. ‘आता सोडली आहे ना, मग तोंड का उघडत नाही?’ हा रुग्णाचा प्रश्न रास्त असतो. रुग्णाने सांगितले ते केले. त्याच्या भूमीने मात्र अद्याप ऐकलेले नसते. यावरून सोडणे निरर्थक, असा अर्थ कोणी काढू नये. सुपारी चालू राहिली तर चक्राला रोज नवे इंधन मिळते. आणि या व्याधीच्या पाठीमागे कर्करोगाची छाया असते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात सतरा वर्षे पाठपुरावा केलेल्या ६६ रुग्णांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्के रुग्णांना मुखाचा कर्करोग झाला, असा निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सुपारीलाच मानवी कर्करोगकारक ठरविले आहे.

चिकित्सालयात काय करावे?

या सर्वाचे सार एकच : भूमी टणक होण्यापूर्वी रुग्ण ओळखला पाहिजे. तोंड आखडल्यावर निदान करण्यास वैद्याची गरज नसते. तिखट पदार्थाने होणारी जळजळ, वारंवार येणारे फोड, कोरडेपणा आणि अंतस्त्वचेचा पांढुरका फिकटपणा ही आरंभीची लक्षणे. मुखपाकाचा प्रत्येक रुग्ण आला की सुपारी, मावा, पानमसाला यांविषयी स्पष्ट विचारावे. हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवावे. उभे, दोरीसारखे पट्टे डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटांना लागू शकतात. वरच्या व खालच्या पुढील दातांच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहावे आणि प्रत्येक भेटीत पुन्हा मोजावे. प्रौढात हे अंतर सर्वसाधारणपणे ३५ मिलिमीटरहून अधिक असते. घरच्या घरी रुग्णाने स्वतःची तीन बोटे उभी घालून पाहावीत.

तोंड उघडण्याचा व्यायाम हा चिकित्सेचा अविभाज्य भाग आहे. दातांमध्ये चपट्या लाकडी काड्यांची चळत ठेवून ती क्रमाक्रमाने वाढविणे, ही सोपी पद्धत अनेक दंतवैद्य सांगतात. ती सावकाश आणि नियमाने व्हावी. बळजबरीने तोंड फाकविल्यास पट्टे फाटून नवा व्रण होतो आणि त्यातून पुन्हा तंतू विणले जाण्याची वाट मोकळी होते. शस्त्रकर्म झालेल्या रुग्णानेही व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा आखडते. व्यायामापूर्वी तीळतेलाचा वा तुपाचा कवल धरण्याचा उपक्रम रूक्षता व दाह यांच्या दृष्टीने उचित वाटतो. तीक्ष्ण व क्षारयुक्त प्रतिसारण मात्र अशा फिकट, पातळ अंतस्त्वचेवर टाळावे. हळदीतील कर्क्युमिनच्या काही लहान चाचण्यांत दाह उणावल्याचे दिसले आहे. परंतु जुने, घट्ट पट्टे औषधाने नाहीसे होतील असे आश्वासन रुग्णास देऊ नये.

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, काठ कठिण झालेली जागा किंवा मानेतील गाठ आढळल्यास औषधाचा आणखी एक कोर्स देऊन पाहण्यात दिवस घालवू नयेत. रुग्णास त्वरित मुखशल्यतज्ज्ञाकडे पाठवून तुकडा तपासून घ्यावा. येथे विलंबाची किंमत रुग्ण मोजतो.

औषधालयाच्या फळीवर

औषधालयाच्या मालकांशी याच संदर्भात दोन शब्द बोलावेसे वाटतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. सुगंधी मुखवासाच्या आणि गोड सुपारीच्या पुड्या मात्र लहान मुलांच्या हातीही जातात. आयुर्वेदीय औषधालयाच्या फळीवर ठेवलेली पुडी ग्राहकास निर्दोष वाटते, हे आपण जाणतो. सुपारी असलेले मुखवास तेथून काढून बडीशेप, धणाडाळ, लवंग, वेलदोडा यांना जागा देता येईल. सुपारीपाकासारखी कल्पे मागणाऱ्यास, तोंडात जळजळ होते काय किंवा सुपारीचे व्यसन आहे काय, एवढे विचारून वैद्याकडे पाठविण्याचा रिवाज घालून घ्यावा.

‘तांबूल तर दिनचर्येत सांगितला आहे’ असा प्रतिवाद होईल. तो आहे हे खरे. परंतु वाग्भटाचार्यांनी दिनचर्येतच क्षत, रक्तपित्त, रूक्षता, शोष अशा अवस्थांत तांबूल अपथ्य ठरविला आहे. अंतस्त्वचा फिकट, रूक्ष आणि क्षतयुक्त झालेल्या रुग्णास तांबूलाचे समर्थन ऐकविणे हे ग्रंथालाही धरून नाही. शिवाय विडा तंबाखूविरहित असला तरी तो कर्करोगकारक आहे, असेच वरील संस्थेचे मत आहे. शास्त्राचा मान राखून आजचे ज्ञान रुग्णास सांगणे यात विरोध नाही. कर्करोग टाळण्याचे वा बरा करण्याचे दावे छापणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

पेशी आपल्या भूमीला रोज ओढून पाहते आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागते. ती भूमी मृदु आहे तोवर रुग्ण आपल्याकडे येतो तो किरकोळ जळजळीची तक्रार घेऊन, आणि बहुधा दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी. त्याच भेटीत त्याच्या मुखात डोकावणे, गालावरून बोट फिरविणे आणि पट्टी लावून एक आकडा लिहून ठेवणे, एवढे आपल्या प्रत्येक चिकित्सालयात आजपासून होऊ शकते. त्यास ना यंत्र लागते, ना खर्च.